खाडा पडल्यानंतरचा दिवस: जिमच्या सभासदांना नियमित ठेवणारं अ‍ॅप कसं घडवावं

जिमसाठी अ‍ॅप करायचं म्हटलं की बहुतेक जण व्यायामांच्या यादीपासून सुरुवात करतात. तीनशे व्यायामप्रकार, प्रत्येकाचा व्हिडिओ, कॅलरी मोजायची सोय, वजनाचा आलेख. अशी अ‍ॅप्स ढिगाने पडली आहेत. पण व्यायाम कसा करायचा हे ठाऊक नाही म्हणून जिम सोडणारे थोडे असतात. एक खाडा पडतो, मग दुसरा, आणि दहा दिवसांनी परत जायचीच लाज वाटू लागते. ट्रेनर काय म्हणेल, आधीचं वजन पेलेल का, सोबतची पोरं पुढे गेली असतील का, या विचारात महिना निघून जातो. फी मात्र भरलेली असते.

माझ्या मते नियमितपणाच्या अ‍ॅपचं खरं काम या दहा दिवसांत आहे. खाली पायऱ्या दिल्या आहेत त्या थोडंफार कोडिंग येणाऱ्या किंवा डिझाइन शिकणाऱ्या माणसासाठी, जो आपल्या गावातल्या एखाद्या ओळखीच्या जिमसाठी पहिलं अ‍ॅप करू पाहतोय.

१. आधी हजेरीचं रजिस्टर मागा

एकच जिम निवडा. मालकाशी बोलून मागच्या वर्षभराची हजेरी मिळवा. वही असेल तर वही, अंगठ्याचं मशीन असेल तर त्यातली फाइल. नावं काढून टाका, नुसते सभासद क्रमांक ठेवा. मग प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: आठवड्यात सरासरी किती दिवस आला, सात दिवसांपेक्षा मोठा पहिला खंड कधी पडला, आणि त्यानंतर परत आला का.

या तिसऱ्या रकान्यात तुमचं अ‍ॅप दडलेलं आहे. खंड कुठे पडतात तेही दिसेल: परीक्षा, लग्नसराई, गणपतीला गावी जाणं, जुलैचा पाऊस, कारखान्यातली बदललेली शिफ्ट. प्रत्येक जिमचं चित्र वेगळं असतं. एमआयडीसीजवळच्या जिमचं आणि कॉलेजरोडवरच्या जिमचं रजिस्टर शेजारी ठेवलं तर हे लगेच कळतं.

मग यायचे थांबलेल्या सहा-सात जणांशी बोला. ‘अ‍ॅप असतं तर आवडलं असतं का?’ असं विचारू नका; भिडेखातर सगळेच हो म्हणतात. ‘शेवटचं आलात त्यानंतर पहिल्यांदा यायचं राहिलं, त्या दिवशी काय झालं होतं?’ एवढंच विचारा आणि ऐका.

मालकालाही एक प्रश्न सरळ विचारा: सगळे सभासद रोज आले तर तुम्हाला चालेल का? जागा लहान आणि सभासद जास्त असलेल्या काही जिमचा हिशोबच न येणाऱ्यांवर चालतो. अशा ठिकाणी तुमच्या अ‍ॅपला मनापासून साथ मिळणार नाही. जिथे तीन महिन्यांनी फी पुन्हा भरली जावी म्हणून मालक झटतो, ती जिम निवडा.

२. नियमित म्हणजे किती, ते ठरवा

माणसं स्वतःबद्दल फार आशावादी असतात. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली छापून आलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ सभासदांची तीन वर्षांची हजेरी तपासली. महिन्याला ७० डॉलरपेक्षा जास्त भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळा येत होते, म्हणजे एका खेपेला १७ डॉलरहून अधिक पडत होते. तिथेच दहा खेपांचा पास घेतला असता तर खेप १० डॉलरला पडली असती. आपण किती वेळा येऊ याचा त्यांचा अंदाजच चुकला होता.

म्हणून नोंदणी करताना कुणी ‘आठवड्यात सहा दिवस’ निवडलं तर अ‍ॅपने ते जसंच्या तसं धरू नये. ‘पहिले चार आठवडे ३ दिवस ठेवू. जमले की वाढवू.’ एवढं म्हणावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी स्नायू बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून किमान २ दिवस सांगितला आहे. त्याशिवाय मध्यम श्रमाच्या हालचाली १५० ते ३०० मिनिटं. म्हणजे तीन दिवस ही नवख्यासाठी लाजिरवाणी सुरुवात अजिबात नाही.

हिशोबाचं माप आठवडा ठेवा, दिवस ठेवू नका. सोमवारचा गेला तर बुधवारी भरून निघतो, आणि आठवडा पूर्णच राहतो. सलग दिवसांची साखळी मोजणारं डिझाइन खूप लोकप्रिय आहे, पण जिमसाठी मला ते घातक वाटतं. चाळिसाव्या दिवशी ताप आला आणि स्क्रीनवर शून्य दिसलं, की माणूस अ‍ॅपही बंद करतो आणि जिमही. शिवाय स्नायूंना विश्रांतीचा दिवस लागतोच. साखळी त्यालाही खाडा ठरवते.

सवयीबद्दल सांगायचं तर ‘२१ दिवसांत सवय लागते’ यावर भरवसा ठेवून काही आखू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे अभ्यास केला. तो २०१० साली छापून आला. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा ६६ होता, आणि माणसामाणसांत तो १८ पासून २५४ पर्यंत पसरलेला होता (बारा आठवड्यांपुढचे आकडे गणिताने काढलेले अंदाज आहेत). पाणी पिण्यासारख्या साध्या सवयींपेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला. आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. मुख्य स्क्रीनवर ‘गेल्या ८ आठवड्यांपैकी ६ आठवडे ठरल्याप्रमाणे’ असं दाखवलंत, तर एक चुकलेला आठवडा आधीचे सहा पुसत नाही.

३. नोंदणीत तीनच प्रश्न

मोबाइल नंबर आणि ओटीपी. ईमेल नको, फोटो नको, ‘किती किलो कमी करायचंय’ हेही पहिल्या दिवशी नको. विचारायचं ते इतकंच: कोणते दिवस, किती वाजता, आणि त्याआधी तुम्ही कुठे असता.

तिसरा प्रश्न बहुतेक अ‍ॅप्समध्ये नसतो, पण तोच महत्त्वाचा आहे. कधी, कुठून, कशानंतर हे आधी ठरवून लिहिलं की माणूस ते करण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी नव्वदच्या दशकातच मांडलं होतं. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ज्यांनी व्यायामाची वेळ आणि जागा लिहून ठेवली, त्यांच्यातल्या ९१ टक्क्यांनी त्या आठवड्यात व्यायाम केला. नुसती माहिती आणि प्रोत्साहन मिळालेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. आकडे त्यांनी स्वतः सांगितलेले आहेत, त्यामुळे एवढ्या मोठ्या फरकाची अपेक्षा धरू नका. पण हा प्रश्न विचारायला काहीच खर्च येत नाही.

स्क्रीनवर एक अर्धं वाक्य द्या: ‘सोमवारी … की मी थेट जिमला येईन.’ आणि रिकाम्या जागेसाठी खरे पर्याय: शिफ्ट सुटली, मुलांना शाळेत सोडलं, कॉलेजच्या बसमधून उतरलं, दुकान उघडायच्या आधी, क्लास संपला. पर्याय तुमच्या मुलाखतींमधूनच उचला. घरी जाऊन मग जिमला येणाऱ्यांचे खाडे जास्त पडतात का, ते रजिस्टर आणि ही उत्तरं शेजारी ठेवून बघता येईल.

४. रोजची स्क्रीन घामाच्या हाताने वापरून बघा

दोन सेटच्या मध्ये मिनिट-दीड मिनिट असतं. हात ओला, गाणी मोठ्याने चालू, पलीकडे कुणीतरी बेंच मोकळा व्हायची वाट बघत उभं. अशा वेळी टाइप कोण करणार? त्यामुळे मागच्या वेळचं वजन आणि रेप्स आधीच भरलेले असावेत, आणि ‘झाला’ हे एकच मोठं बटण. अँड्रॉइडच्या डिझाइन नियमांत बटणाचा किमान आकार ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) सांगितलाय. इथे त्याहून मोठा घ्या. वजन बदलायला अधिक-उणे पुरे. ती उडी किती किलोची ठेवायची, ते जिममध्ये कोणत्या प्लेट्स आहेत त्यावर ठरवा. सर्वात लहान प्लेट २.५ किलोची असेल तर बारवर दोन्ही बाजूंना मिळून ५ किलोच वाढतात, आणि अ‍ॅपने ‘आज २ किलो वाढवा’ म्हटलं तर सभासद नुसता बघत राहील.

अनेक जिम तळघरात असतात, तिथे रेंज नसते. नोंद आधी फोनमध्येच, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये साठवा; नेट आलं की सर्व्हरवर जाईल. व्यायाम चालू असताना स्क्रीन बंद होऊ देऊ नका. विश्रांतीचा टायमर संपला की फोन थरथरला पाहिजे, आवाज ऐकू येणार नाही.

हजेरीसाठी काउंटरवर क्यूआर कोड पुरेसा आहे. त्याचा फोटो काढून घरून स्कॅन करणारा एखादा निघेल. निघू द्या. त्याला पकडण्यासाठी सगळ्यांचं लोकेशन सतत मागणं हा अन्याय आहे, आणि बॅटरीही खाते.

भाषेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मराठी अ‍ॅप्समध्ये इथेच हयगय होते. व्यायामांची नावं जिममध्ये बोलली जातात तशीच ठेवा: बेंच प्रेस, लॅट पुलडाउन, लेग डे. आणि जिथे दंड, बैठका असं म्हणतात तिथे दंड, बैठका. सूचना मात्र सरळ मराठीत: ‘पाठ सरळ’, ‘कोपर अंगाजवळ’, ‘वर येताना श्वास सोडा’. संबोधन ‘तुम्ही’ ठेवा. एकोणीस वर्षांचा मुलगा आणि पंचावन्न वर्षांच्या काकू एकच अ‍ॅप वापरणार आहेत. बटणावर ‘मी आलो’ लिहिलं की महिला सभासद बाजूला पडतात, ‘हजेरी लावा’ सगळ्यांना चालतं. फाँटसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ मोफत आहे आणि लहान आकारातही नीट वाचता येतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. बटणाची उंची ठोकून बसवू नका, ती मजकुराप्रमाणे वाढू द्या.

५. खाडा पडल्यानंतर अ‍ॅप काय करतं

आपला निम्मा वेळ या पायरीवर घालवा.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या केटी मिल्कमन आणि अँजेला डकवर्थ यांच्या पुढाकाराने झालेला एक प्रचंड प्रयोग २०२१ साली ‘नेचर’मध्ये आला. ‘ट्वेंटीफोर अवर फिटनेस’ या जिमसाखळीचे ६१,२९३ सभासद आणि चार-चार आठवड्यांचे ५४ वेगवेगळे कार्यक्रम. त्यातल्या ४५ टक्के कार्यक्रमांनी आठवड्याची हजेरी ९ ते २७ टक्क्यांनी वाढवली. सर्वात वर राहिला तो चुकलेल्या व्यायामानंतर परत येणाऱ्याला छोटंसं जास्तीचं बक्षीस देणारा कार्यक्रम. बक्षीस अगदी किरकोळ होतं. चार आठवडे संपल्यावर मात्र फक्त ८ टक्के कार्यक्रमांचा परिणाम मोजण्याइतका उरला. म्हणजे परत येण्याचा मान राखा, आणि ही सोय महिनाभराची मोहीम म्हणून न करता अ‍ॅपमध्ये कायम ठेवा.

प्रत्यक्षात हे असं मांडता येईल.

एक दिवस चुकला: काहीही म्हणू नका. आठवड्यातले उरलेले दिवस अ‍ॅपने गुपचूप नीट लावून ठेवावेत. चेस्टचा दिवस गेला असेल तर तो पुढच्या खेपेला यावा.

आठवडा चुकला: ठरलेल्या दिवशी एक संदेश. ‘तुम्ही ९ दिवस गैरहजर आहात!’ हे वाक्य शाळेच्या नोटिशीसारखं आहे. त्याऐवजी: ‘गुरुवारी संध्याकाळी या. वजनं थोडी कमी करून ठेवली आहेत, २५ मिनिटांत होईल.’ आणि खरोखरच तसं झालेलं असावं. आधीपेक्षा दहा-पंधरा टक्के कमी वजन, सेट कमी, व्यायाम चारच. परत आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी जुनं वजन पेललं नाही, किंवा पेललं आणि दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरता येईनात, तर तो पुन्हा गायब होतो. किती कमी करायचं ते ट्रेनरशी बसून ठरवा.

दोन-तीन आठवडे गेले: आता नोटिफिकेशनने काम होत नाही. ट्रेनरच्या यादीत नाव जावं आणि माणसाने माणसाला फोन करावा.

महिना उलटला: सन्मानाने विचारा. ‘सध्या थांबायचंय का? तुमची नोंद जपून ठेवतो.’ थांबण्याचा मार्ग सोपा ठेवला की परतीचा मार्गही मोकळा राहतो.

याशिवाय ‘आधी सांगून सुट्टी’ हे बटण हवंच. गणपतीला कोकणात जाणारा, वारीला निघालेला, परीक्षेला बसलेला, घरात लग्न असलेला, या कुणाचाही खंड खाडा म्हणून मोजायचा नाही. सुट्टीवर असताना हवे असतील तर दंड, बैठका आणि प्लँकचा पंधरा मिनिटांचा क्रम द्या. नसेल हवा तर आग्रह नको.

परत आल्यावर कारण विचारायचं असेल तर उत्तर ऐच्छिक ठेवा. कुणी ‘दुखापत’ निवडली तर अ‍ॅपने उपचार सांगू नयेत. त्या भागाचे व्यायाम बाजूला ठेवून ट्रेनरला कळवावं आणि डॉक्टरांकडे जायला सांगावं. छातीत दुखणं किंवा चक्कर येणं यासाठी व्यायाम थांबवायचा स्पष्ट संदेश पहिल्या आवृत्तीतच असू द्या.

परत बोलावण्याचा मुहूर्तही असतो. हेंगचेन दाय, मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये दाखवलं की आठवड्याच्या, महिन्याच्या, सत्राच्या सुरुवातीला विद्यापीठातल्या जिमची हजेरी वाढते. आपल्याकडे सोमवार आणि एक तारखेच्या जोडीला पाडवा, दसरा वापरून बघण्यासारखे आहेत.

६. नोटिफिकेशन मोजूनमापून

अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनसाठी परवानगी विचारावी लागते. ती अ‍ॅप उघडल्या उघडल्या मागू नका. पहिला व्यायाम पूर्ण झाल्यावर, ‘बुधवारी आठवण करू का?’ असं म्हणून मागा. तेव्हा त्या प्रश्नाला अर्थ असतो. वेळ ज्याची त्याची. सहाला सुटणाऱ्याला साडेपाचला, पहाटे येणाऱ्याला आदल्या रात्री कपडे काढून ठेवायच्या वेळी. ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त संदेश आठवड्यात जाऊ नयेत, आणि तीन आठवडे कुणी बघतच नसेल तर अ‍ॅपने आपण होऊन थांबावं.

अनेक स्वस्त फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेली अ‍ॅप्स बंद करतात, त्यामुळे ठरलेला अलार्म उशिरा वाजतो किंवा वाजतच नाही. सभासदांकडे कोणते फोन आहेत ते बघा आणि त्याच फोनवर रात्रभर ठेवून तपासा.

७. ट्रेनरला डॅशबोर्ड नको, यादी हवी

सकाळी सहाला ट्रेनरकडे आलेख बघायला वेळ नसतो. ‘आज यांना फोन करा’ अशी तीन नावांची यादी, प्रत्येकासमोर शेवटचा दिवस आणि सुट्टी सांगितली होती का, एवढं द्या. तीनच नावं, कारण दहा दिली तर एकही फोन होत नाही.

मालक सांगेल की याच संदेशात ‘फी बाकी आहे’ तेही टाका. इथे ठाम राहा. परत बोलावणारा संदेश आणि वसुलीचा संदेश एकत्र आला की पुढचा प्रत्येक संदेश सभासदाला वसुलीचाच वाटतो. फीसाठी वेगळा मार्ग ठेवा. सगळ्यांना दिसणारी क्रमवारीही पहिल्या आवृत्तीत नको. वरचे पाच जण तसेही येतातच, आणि तळाच्या माणसाला आपण तळाला आहोत हे सांगून काय मिळणार?

८. माहिती कमी गोळा करा

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तुमच्यासाठी यातल्या दोन गोष्टी नेमक्या आहेत. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठी आलीच. आणि १८ वर्षांखालची व्यक्ती कायद्याने बालक आहे. पालकांची पडताळलेली संमती लागते, वर्तनावर पाळत ठेवता येत नाही. जिममध्ये सोळा-सतरा वर्षांची मुलं हमखास असतात, तेव्हा पहिली आवृत्ती १८ च्या वरच्यांसाठीच ठेवणं शहाणपणाचं. वजन आणि मापं कुणाला दिसतील ते सभासद ठरवेल. खातं अ‍ॅपमधूनच पुसता आलं पाहिजे; प्ले स्टोअर आणि अ‍ॅप स्टोअर दोन्हीकडे हा नियम आहे.

९. साधनं आणि चाचणी

आधी कागदावर पाच स्क्रीन काढा, मग डिझाइनसाठी फिग्मा, मग कोडसाठी फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह. जे येतं ते. स्मार्टवॉच, हेल्थ कनेक्ट (अँड्रॉइडवर आरोग्याच्या नोंदी अ‍ॅप्समध्ये वाटून घ्यायची सोय), आहाराचा तक्ता हे सगळं नंतर. प्ले स्टोअरचं खातं एकदाच २५ डॉलर, अ‍ॅपलचं दरवर्षी ९९. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले खात्यावर अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस बंद (निवडक लोकांपुरत्या) चाचणीत राहावं लागतं. तुमच्याकडे जिम आहे, त्यामुळे हे बारा जण शोधायला लागणार नाहीत.

चाचणी जिममध्येच करा. दोन सेटच्या मध्ये फोन हातात द्या, गप्प उभे राहा, आणि बोट कुठे अडतं ते बघा.

मग बारा आठवडे चालवा. जानेवारीत सुरू करू नका. नव्या वर्षाच्या उत्साहात सगळंच यशस्वी दिसतं. अ‍ॅप किती वेळा उघडलं याकडे दुर्लक्ष करा. मोजायचा आकडा एकच: सात दिवसांपेक्षा मोठा खंड पडलेल्यांपैकी पुढच्या चौदा दिवसांत किती जण परत आले. मागच्या वर्षीच्या याच महिन्यांचं रजिस्टर तुमच्याकडे आहे, त्याच्याशी तुलना करा. सभासद चाळीस-पन्नासच असतील तर चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना परतीचे संदेश आधी सुरू करा, उरलेल्यांना सहा आठवड्यांनी. फरक दिसला नाही तर आधी संदेशाची वेळ बदला, मग परतीच्या दिवसाचा व्यायाम आणखी छोटा करा. तरीही नाही दिसला, तर ट्रेनर यादीतले फोन खरंच करतोय का, ते काउंटरवर बसून बघा.